एका गळाला दोघी

ऑक्टोबरचा मधला आठवडा. दक्षिण स्वीडनमधल्या ब्लेकिंगे प्रांतात, कार्ल्सक्रोनाच्या बाहेरची एक उथळ खाडी. सकाळचे आठ वाजत आलेले, पाणी ९ अंश, आणि बोटीत आम्ही दोघंच: मी आणि काका.

काका नात्यातले नव्हेत. सत्तरीचे आहेत, जन्म याच खाडीत मासे धरण्यात गेला, आणि आता आमच्या संशोधनाच्या कामाला बोटीसकट येतात. स्वीडिशमध्ये लहानथोर सगळ्यांना एकेरीच हाक मारायची पद्धत. तशी मीही मारते. पण मनातल्या मनात ते काकाच, आणि अहोजाहोच.

काम सांगायला सोपं आहे. पाईक मासा गळावर धरायचा, मोजायचा, पाठीवरच्या पराखाली नंबराची बारीक प्लास्टिकची चिठ्ठी टोचायची आणि सोडून द्यायचा. रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकत होते तेव्हा कुणी सांगितलं असतं की पुढे पगार घेऊन गरवायला जाशील, तर हसले असते. आईला अजून पटलेलं नाही. फोटो पाठवला की तिचा प्रश्न ठरलेला: "एवढा मासा धरलास आणि सोडलास? मग धरलास कशाला?"

पाईक म्हटलं की आपल्याला विठोबाचा पाईक आठवतो. हा पाईक म्हणजे भाला. लांबट, टोकदार तोंडावरून इंग्रजीत ते नाव पडलं. इथे त्याला 'येद्दा' म्हणतात. खरं तर हा गोड्या पाण्यातला मासा. पण इथल्या बाल्टिक समुद्रात लिटरला जेमतेम ७ ग्रॅम मीठ, आपल्याकडच्या समुद्रात पस्तिसाच्या वर. चव घेतली तर आळणी आमटी. म्हणून येद्दा इथे समुद्रात राहते, आणि त्यातल्या कित्येक वसंतात अंडी घालायला, जिथे स्वतः जन्मल्या त्याच ओढ्यात किंवा पाणथळीत परत जातात. त्या पाणथळी माणसांनी चर खणून शेतीसाठी कोरड्या केल्या. आता काही ठिकाणी पुन्हा पाणी अडवून त्या तयार करतात. त्यांना इथले लोक कौतुकानं 'येद्दांचा कारखाना' म्हणतात.

तरी किनाऱ्यावर येद्दा कमी होत चालली आहे. सील आणि पाणकावळे खातात हे एक. दुसरं जास्त चमत्कारिक आहे. स्टिकलबॅक नावाचा बोटाएवढा, पाठीवर तीन काटे असलेला मासा आहे. येद्दाचं हे खाद्य. पण येद्दा कमी झाल्या की तो बेसुमार वाढतो आणि उलट त्यांचीच अंडी-पिल्लं खाऊन टाकतो. मग त्या आणखी कमी. सावजानंच शिकाऱ्याचा पाळणा रिकामा करायचा, असा प्रकार.

शरद ऋतू हा धरायचा खरा मोसम. पाणवनस्पती कुजून खाली बसतात, लपायला जागा उरत नाही, लहान मासे थव्यानं खोल कडेला सरकतात. आणि वसंतात घालायच्या अंड्यांची गाबोळी मादीच्या पोटात आत्तापासूनच भरायला लागते, त्यामुळे भूक मोठी. मात्र थंड पाण्यात ती लांबवर पाठलाग करत नाही. नकली मासा हळू ओढायचा, मधेच थांबवायचा, बुडू द्यायचा. आमच्या मरळीसारखीच ही दबा धरणारी. अंगाचा 'एस' करून थांबते आणि सुटली की बाणासारखी.

त्या दिवशी दोन तास काहीच नाही. माझी बोटं बधिर झालेली. नकली मासा कोरा होता, आदल्या संध्याकाळीच डब्यातून काढलेला, पोटाला एक आणि शेपटीला एक असे दोन तिहेरी गळ. आमचा नियम असा की गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट करायचा, म्हणजे माशाला इजा कमी होते आणि गळ पटकन सुटतो. मी केला नव्हता. उद्या सकाळी बोटीत करू म्हटलं आणि सकाळी विसरले.

धक्का असा नव्हताच. ओढता ओढता थांबले, आणि पुन्हा ओढायला गेले तर रीळ हलेना. वाटलं दगडात अडकला. मग दगड चालायला लागला.

दहा मिनिटांनी ती बोटीशेजारी आली. काकांनी जाळं खाली घातलं. हिरवट अंगावर पिवळसर ठिपके; प्रत्येकीची नक्षी वेगळी असते, फोटोवरून ओळख पटते. डोळ्यापासून नाकाडापर्यंत नेम धरायला असावी तशी खोबण. खालच्या जबड्यावर ओळीनं बारीक छिद्रं, पाण्यातली थरथर टिपणारी. आणि दात! टाळूवर शेकडो, सगळे आत झुकलेले. आत जायला वाट, बाहेर यायला नाही.

पुढचा गळ तिच्या वरच्या जबड्यात होता. मागचा मोकळा लोंबत होता. मी वाकून हात घातला आणि त्याच क्षणी तिनं मान झटकली.

अंगठ्याच्या बुडाशी गळ उलट्या काट्यासकट आत गेला. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ती, मध्ये पंधरा सेंटीमीटरचं प्लास्टिक. ती झटके मारी तसा माझा हात जाळ्यात नाचत होता. मी मराठीत ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही.

काकांनी डाव्या हातानं जाळं आवळून धरलं, उजव्यानं खिशातलं कटर काढलं आणि कटकन गळाचा दांडा तोडला. मी सुटले. वाटलं, आता हात बघतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आधी ती," एवढंच म्हणाले.

मग ओली चटई, लांब चिमटा. बोटं कल्ल्याच्या झाकणाखालून जबड्याच्या कडेनं सरकवली, लाल कल्ल्यांना न लावता. आडवी धरली, जबड्याला लटकवली तर स्वतःच्या वजनानंच तिला दुखापत होते. आकडे ते बोलत गेले, कारण रक्ताळलेला हात माशाला लावायचा नाही म्हणून मी डाव्या हातानं लिहीत होते. लांबी १०७ सेंटीमीटर. वजन ९.४ किलो. मादी, एवढ्या मापाचे बहुतेक माद्याच असतात. चिठ्ठी टोचली, पाण्यात तोंड पुढे करून धरली. तीनेक श्वास, मग शेपटीचा एक फटका माझ्या तोंडावर आणि गायब.

त्यानंतर माझी पाळी. नायलॉनच्या जाड दोरीचा फास गळाच्या वळणात अडकवला, दांड्याचं उरलेलं थोटूक अंगठ्यानं कातडीवर दाबून धरलं आणि "ती वर्षभरानं केवढी होईल गं?" असं विचारून मी उत्तर द्यायच्या आत दोरी हिसकली. गळ टणकन बोटीच्या तळाशी पडला. तो त्यांनी उचलला, उलट्या काट्यावरून नख फिरवलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खिशात टाकला. बोलले काहीच नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

दुपारी आरोग्य केंद्रात धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. संध्याकाळी कार्यालयात दिवसाचा तक्ता संगणकात भरायला बसले. पहिल्या ओळीत माझं डावखुरं अक्षर. दुसऱ्या ओळीत, जिथे काही असायलाच नको होतं, काकांचं सुबक पेन्सिलीतलं: जात — जीवशास्त्रज्ञ. लिंग — मादी. गळ कुठे — उजवा हात. लांबी, वजन — मोजू दिलं नाही. स्थिती — जिवंत, सोडून दिली.