तुम्ही विचारलंत म्हणून: घरासाठी नॅस कोणता घ्यावा?

नाशिकमध्ये लग्नाचे फोटो काढणारे माझे मित्र मला नेहमी विचारतात, की घरी फोटो आणि व्हिडिओ साठवायला नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा, घ्यायचा आहे, तर कोणत्या कंपनीचा घ्यावा? कंपनी मी शेवटी सांगतो. आधी दोन गोष्टींची खात्री करून घ्यायला सांगतो: बाहेरून घेतलेली डिस्क या डब्यात चालेल का, आणि उद्या डबाच बंद पडला तर याच डिस्क दुसऱ्या कशात उघडतील?

पहिली शंका उगाच नाही. नॅस बनवणाऱ्या सिनॉलॉजी कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले, की त्या वर्षीच्या प्लस मालिकेतल्या नव्या डब्यांमध्ये कंपनीच्या स्वतःच्या किंवा तिने प्रमाणित केलेल्या डिस्कनाच पूर्ण मुभा राहील. त्या कंपनीच्या नावाच्या डिस्क प्रत्यक्षात सीगेट आणि तोशिबा यांच्याकडूनच बनून येतात, त्यामुळे जुने ग्राहक फार नाराज झाले. ऑक्टोबरमध्ये या डब्यांच्या प्रणालीची डीएसएम ७.३ ही आवृत्ती आली आणि साध्या साटा डिस्कपुरती ही अट मागे घेतली गेली, एम.२ म्हणजे छोट्या पट्टीसारख्या डिस्कसाठी मात्र मान्य यादी राहिली. चाचणी झालेल्या डिस्क कमी त्रास देतात, हे कंपनीचे म्हणणे मोठ्या कार्यालयात मला पटते. घरी मात्र शनिवारी संध्याकाळी डिस्क गेली, तर एम. जी. रोडवर जी चांगली डिस्क मिळेल ती आणून बसवता आलीच पाहिजे.

तरीही डिस्क डोळे मिटून घेऊ नये. डब्ल्यूडी (वेस्टर्न डिजिटल) कंपनीच्या ‘रेड’ (Red) नावाच्या मालिकेतल्या, म्हणजे खास नॅससाठी विकल्या जाणाऱ्या, काही डिस्क एसएमआर पद्धतीच्या असल्याचे २०२० मध्ये उघड झाले. या पद्धतीत माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात, त्यामुळे सलग लिहिण्याचा वेग खूप घसरतो आणि रेड (RAID), म्हणजे एक डिस्क गेली तरी माहिती टिकावी म्हणून एकत्र बांधलेला डिस्कचा संच, पुन्हा बांधायला फार वेळ लागू शकतो. म्हणून मॉडेल क्रमांक पाहून सीएमआर, म्हणजे पट्ट्या एकमेकींवर न चढवलेली डिस्कच घ्या.

दुसरी गोष्ट मी स्वतः अनुभवली आहे. एका पावसाळ्यात वीज सारखी ये-जा करत होती आणि माझ्या जुन्या डब्याचा पॉवर सप्लाय जळाला. मी त्यातली एक डिस्क काढून लिनक्सच्या जुन्या संगणकाला जोडली. त्या डब्याने आतून लिनक्सचीच नेहमीची रेड वापरलेली होती, म्हणून दोन आज्ञांत फोल्डर उघडले आणि २०१५ च्या सिंहस्थात रामकुंडावर काढलेले फोटो एकेक करून पडद्यावर आले. काही क्षण मी नुसता पाहत राहिलो.

म्हणून ज्याला थोडी खटपट जमते त्याला मी जुन्या संगणकावर ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट ही नॅसची प्रणाली टाकायला सांगतो; ज्याला तयार डबाच हवा त्याने सिनॉलॉजी, क्यूनॅप किंवा असस्टोर घ्यावा, पण नेमक्या मॉडेलची डिस्क-यादी वाचल्यावरच. सोबत यूपीएस हवाच. फोटोंची आणखी एक प्रत घराबाहेर असावी, कारण चुकून पुसलेली फाइल रेड परत देत नाही. माझी प्रत इंदिरानगरला बहिणीच्या कपाटात असते आणि दर महिन्याला मी ती बदलून आणतो.