डाव्या पायाची हौस

पुण्यात सध्या एक उफराटा प्रकार चालू आहे. कोथरूडहून हिंजवडीला नोकरीला जाणारा माणूस नवी गाडी घ्यायला गेला की शोरूममध्ये पाय ठेवतानाच सांगतो, "ऑटोमॅटिकच दाखवा." सेनापती बापट रस्ता, युनिव्हर्सिटी चौक, औंध, पुढे वाकड, हे सगळं हाफ क्लचवर काढून त्याचा डावा गुडघा कधीच संपावर गेलेला असतो. तोच माणूस घरी गेमसाठी स्टिअरिंग व्हील मागवतो तेव्हा मात्र विचारतो, "तीन पेडलं आहेत ना? आणि गिअरची दांडी वेगळी मिळेल ना?" मी याच जमातीतला. खाली पार्किंगमध्ये दोन पेडलांची गाडी, वर हॉलच्या कोपऱ्यात तीन पेडलांची.

२०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओतून एएमटी आणली आणि ऑटोमॅटिक गाडी मध्यमवर्गाच्या हिशेबात बसली. या गाड्यांत क्लच असतोच, गिअरबॉक्सही नेहमीचाच असतो. दाबणं, सोडणं आणि गिअर टाकणं तेवढं एक यंत्र आपल्या वतीने करतं. गेममधलं 'ऑटो क्लच' म्हणजे यातलं निम्मं काम: गिअर तुम्ही टाका, क्लचचं आमच्यावर सोडा. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी असा प्रश्न कधी विचारला नव्हता. तिथे डावा पाय गृहीत होता.

फोर्झा होरायझन या गाड्यांच्या गेममध्ये तीन पर्याय मिळतात: ऑटोमॅटिक, मॅन्युअल आणि मॅन्युअल विथ क्लच. तिसऱ्यात गिअर लवकर पडतो, कारण दुसऱ्यात क्लच दाबण्याचं काम गेम स्वतःच्या सवडीने करतो. हे कळल्यावर पेडल नसलेल्या पोरांनी क्लच एका बटणाला जोडला आणि तो अंगठ्याने दाबायला सुरुवात केली. माझा भाचा त्यांतलाच. "मामा, वेळ वाचतो रे!" वाचतो, मान्य. पण अंगठ्याचा क्लच मला काही पटत नाही. क्लचला मधली जागा असते, बटणाला ती कुठून आणणार?

आणि आपलं सगळं ड्रायव्हिंग त्या मधल्या जागेतच तर होतं. कात्रजच्या जुन्या घाटात पुढे एसटी थांबलेली, मागे टेम्पो चिकटलेला. हँडब्रेक ओढून क्लच हळूहळू सोडायचा. इंजिनाचा आवाज जरा खाली बसतो, बॉनेट किंचित नाक वर करतं, तळपायाला बारीक थरथर लागते, की पकडलं! मग हँडब्रेक सोडायचा. घरातल्या पेडलला यातलं काहीच येत नाही. आत एक स्प्रिंग आहे आणि तो वरपासून खालपर्यंत एकाच सुरात पायाला ढकलतो. स्टिअरिंगमध्ये मोटर असते, त्यामुळे खड्डा, कड, घसरण सगळं हाताला कळतं. पाय बिचारा मुकाच. क्लच कुठे पकडतो हे कानाने आणि आरपीएमच्या काट्यावरून ओळखायचं.

म्हणून मी सेटिंगच्या पानावर मुक्काम ठोकतो. क्लच दाबला की पडद्यावर एक पट्टी भरत जाते. वरच्या टोकाला थोडा डेडझोन ठेवायचा, म्हणजे पाय नुसता टेकवला तर पट्टी जागची हलत नाही. पुणेकराला हे फार आवश्यक आहे. आपला पाय क्लचवर विसावलेलाच असतो. खालच्या टोकालाही थोडी सूट द्यायची, म्हणजे पेडल तळाला टेकायच्या जरा आधीच गेम क्लच पूर्ण दाबलेला धरतो. नाहीतर घाईघाईत दुसऱ्यातून तिसरा टाकताना पाय बोटभर कमी पडतो आणि गिअरबॉक्स खर्रकन शिवी घालतो. स्वस्तातल्या पेडलांमध्ये पोटेन्शिओमीटर असतो, म्हणजे पेडल किती दाबलं हे घासून मोजणारा छोटा भाग. त्यात धूळ गेली की पाय बाजूला असतानाही पट्टी थरथरायला लागते. मग सरळ रस्त्यावर इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी क्लचप्लेट गेलेल्या रिक्षासारखी जागच्या जागी कण्हत राहते. 'कंबाइंड पेडल्स' नावाचं एक बटण दिसलं तर ते बंद आहे ना एवढं बघा. ते चालू असेल तर ॲक्सिलरेटर आणि ब्रेक एकमेकांना खाऊन टाकतात.

हे सगळं करताना खुर्ची मागे पळते, हे कोणी आधी सांगत नाही. ब्रेक जोरात मारला की चाकांची खुर्ची थेट सोफ्यापर्यंत. आमच्याकडे खुर्चीची चाकं जुन्या चपलांमध्ये रोवलेली आहेत आणि पेडलांच्या मागे, भिंतीला टेकून, लाकडी पाट आहे. मंगळागौरीला पाट परत द्यायचा, या अटीवर तो मिळाला आहे.

दांडी की पॅडल, म्हणजे स्टिअरिंगमागची बोटांनी ओढायची पट्टी, यावर लोक हिरीरीने भांडतात. मी गाडी बघून ठरवतो. १९८९ मध्ये फेरारीने फॉर्म्युला वन शर्यतींत ६४० ही गाडी उतरवली. तिच्यात गिअर बदलायला स्टिअरिंगच्या मागेच पॅडल होते, हात चाकावरून काढायची गरज नव्हती. हा गिअरबॉक्स टिकणार नाही अशी भीती होती. नायजेल मॅन्सेलने ब्राझीलमधली पहिलीच शर्यत त्याच गाडीत जिंकली. पुढे सगळी फॉर्म्युला वन त्याच वाटेने गेली. आजच्या बहुतेक जीटी थ्री, म्हणजे स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या शर्यतीच्या गाड्यांमध्ये क्लच लागतो तो जागेवरून निघताना, पुढे काम पॅडलांचं. तेव्हा अशा गाडीत बसून दर गिअरला क्लच दाबायचा हट्ट धरणं म्हणजे लिफ्ट असलेल्या इमारतीत दोर टाकून वर जाणं. सत्तरच्या दशकातली गाडी घेतली तर मात्र दांडीही हवी आणि क्लचही. दांडी आपली, क्लच गेमचा, ही तडजोड मला अजिबात आवडत नाही.

एकामागून एक पडणारा गिअर काही परदेशी चाळा नाही. या शहराने आयुष्य दुचाकीवर काढलंय. पायाच्या अंगठ्याने एकेक गिअर वर-खाली करणं म्हणजे सिक्वेन्शिअल शिफ्टच. चेतक तर त्याच्याही वरताण. १९७२ पासून बजाजने विकलेल्या त्या स्कूटरवर क्लच आणि गिअर दोन्ही डाव्या मुठीत, क्लच दाबायचा आणि मनगट फिरवायचं. नवी विजेवरची चेतक २०२० मध्ये आली, तिच्या डाव्या मुठीला गिअर टाकायचं कामच उरलेलं नाही.

दांडी घेतलीच तर ती टेबलाच्या डाव्या बाजूला लावा. व्हिडिओत सगळ्यांची उजवीकडे दिसते, कारण त्यांच्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे. आपला डावा हात मुरलेला आहे. माझ्या लॉजिटेकच्या दांडीत रिव्हर्सला ती खाली दाबून सहाव्याच्या जागी न्यावी लागते. स्विफ्ट, वॅगनआरवर शिकलेला हात पाचव्याखाली रिव्हर्स शोधत तिथे आपसूक जातो, पण दाबत नाही, आणि सहावा पडतो.

बाबांना या सगळ्याचं कौतुक नाही. त्यांची प्रीमियर पद्मिनी होती, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. एका संध्याकाळी मी युरो ट्रक सिम्युलेटरमध्ये माल भरलेला ट्रक उतारावरून वरच्या गिअरमध्ये, ब्रेकवर ब्रेक मारत आणत होतो. ते पेपर खाली न करता म्हणाले, "ज्या गिअरमध्ये चढला असतास, त्याच गिअरमध्ये उतर." खालचा टाकला. इंजिनाने ट्रक धरून ठेवला.

"बघा, गेममध्येसुद्धा चालतं!" मी म्हणालो.

"न चालायला काय झालं?" पेपर अजूनही वरच.

क्लच हवा की नको हा वाद आमच्या घरी मात्र खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मिटवला. त्या जिन्यात भेटल्या. "वर रात्री शिवणयंत्र कोण चालवतं हो?" दर गिअरला पेडल तळाला आपटत होतं, तेही पाटासकट. आता रात्री दहानंतर ऑटो क्लच.