स्नेहसंमेलनातलं घर

दर डिसेंबरात आपल्या शाळेच्या सभागृहात एक घर उभं राहतं. मागे निळा पडदा, एक टेबल, शिक्षक-खोलीतून उचलून आणलेल्या खुर्च्या, खिळ्याला कॅलेंडर. आठवी-नववीची मुलं त्या घरात आई-बाबा, आजी-आजोबा होतात. नाटिकेचं नाव दरवर्षी वेगळं, घर तेच. शाळेनं काय दिलं, या प्रश्नाला माझं उत्तर हे घर आहे. पुढे हौशी रंगभूमीवर जे काही करता आलं, त्याचा पाया तिथे पडला. म्हणून नुसत्या आठवणी न काढता ते घर नीट कसं बसवायचं, तेच लिहिते. यंदाच्या मुलांच्या हाती पडलं तर बरं.

पहिली गोष्ट विनोदाची. चि. वि. जोशींचा चिमणराव आपली फजिती स्वतःच सांगतो, आणि सांगताना तो पूर्ण गंभीर असतो. मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी चिमणराव-गुंड्याभाऊ उभे केले तेही याच भरवशावर. पुढे २००१ साली अल्फा मराठीवर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आली. त्या मालिकेतल्या आजोबांच्या, म्हणजे आबांच्या, रोजनिशीत घरातल्या तिन्ही पिढ्या सापडतात, खुद्द आबाही सुटत नाहीत. दोन्हीकडे कुणी विनोद करायला निघालेलं नाही. माणसं फक्त घर चालवायला धडपडताहेत. शाळेच्या नाटिकेत नेमकं उलटं होतं. आजोबा झालेला मुलगा कमरेत वाकतो, काठी थरथरवतो, आवाज किनरा काढतो. पहिल्या मिनिटाला हशा येतो, चौथ्या मिनिटाला ओसरतो, आणि नाटिका अजून पंधरा मिनिटं उरलेली असते. त्याला एकच सांगावं: आजोबांना या क्षणी काय हवंय? चष्मा हवा असेल तर मनापासून चष्मा शोध. तो कपाळावर आहे हे प्रेक्षकांना दिसतंच.

आता चहाचा प्रवेश. तो नाही अशी कौटुंबिक नाटिका मला माहीत नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. रिकामे कप घेऊन चहा प्यायचा अभिनय करू नका. रिकामा कप हातात हलका पडतो, मुलं तो वाटेल तसा हलवतात आणि शेवटच्या रांगेतूनही खोटेपणा कळतो. कप अर्धाच भरा. बिनदुधाचा, बिनसाखरेचा कोमट चहा घ्या. दुधानं घसा धरतो आणि पुढचं वाक्य खाकरत येतं. ट्रे स्टीलचा असेल तर त्यात रुमाल पसरा, नाहीतर कपबशांचा किणकिणाट माइक उचलतो. चहा आणणाऱ्या मुलीनं आधी ट्रे टेबलावर टेकवायचा, मग बोलायचं. दोन्ही एकदम करायला गेलं की नजर ट्रेवर राहते आणि वाक्य जमिनीकडे जातं. आणि ही तालीम खऱ्या कपांनी किमान आठवडाभर आधी सुरू करा. आयत्या वेळी हातात आलेली वस्तू पाठांतर पुसून टाकते.

खायचं दाखवायचं असेल तर केळ्याचे काप सगळ्यात बरे. चिवडा कधीच नको, ठसका लागतो. पंगत जमिनीवर मांडू नका. आपल्या सभागृहात सपाटीवर खुर्च्या आहेत, चौथ्या रांगेच्या मागे फक्त डोकी दिसतात. वर्तमानपत्र वाचणाऱ्या बाबांनी पेपर घडी घालून छातीच्या खाली धरायचा. फोनवर बोलताना पलीकडच्याचं वाक्य मनात पूर्ण म्हणायचं, म्हणजे मधली जागा आपोआप बरोबर पडते.

हशा आला की काय करायचं, हे मात्र सावकाश शिकावं लागतं. हशा चढत असताना पुढचं वाक्य टाकलं तर ते बुडतं, आणि प्रेक्षक ऐकण्यासाठी हसणं आवरतात. पुढच्या विनोदालाही मग ते दबूनच हसतात. पूर्ण शांत होईपर्यंत थांबलं तर प्रवेश थंड पडतो. हशा उतरायला लागला की वाक्य घ्यायचं. तोवर पुतळ्यासारखं उभं न राहता हातातलं काम चालू ठेवायचं: कांदा निवडा, बटण लावा. दुसऱ्याच्या विनोदी वाक्यावर तिसऱ्यानं मान हलवली तरी हशा खाल्ला जातो, कारण डोळा हालचालीकडे धावतो. घरीही हेच. आजीचा किस्सा शंभरदा ऐकलेला असला तरी शेवट तिलाच सांगू द्यायचा.

संहिता निवडताना एक चाळणी लावा. बहिरेपणा, रंग, जाडी, अडखळतं बोलणं यांवरची वाक्यं काढून टाका. वर्गातल्या कुणालातरी तेच नाव चिकटतं आणि वर्षभर सुटत नाही. ज्याच्यावर विनोद आहे तो नाटिकेतही शेवटी हसणाऱ्यांत आला पाहिजे. बाबांची बचत-योजना फसते, तेव्हा आईही कुठेतरी फसलेली असू द्या, मुलंही. सगळ्यांचं थोडं थोडं उघडं पडलं की कुणी दुखावत नाही. घरातल्या थट्टेचं हे माप मी नाटकातूनच शिकले आणि ते कायम वापरते.

लांबी वीस मिनिटांच्या आत. पहिले तीन-चार दिवस बसून नुसतं वाचन करा, पाठांतर नको. लवकर पाठ झालेलं वाक्य एकाच चालीत गोठतं. त्यानंतर हालचाली बसवा, मग वही बंद. साडी नेसणाऱ्या मुलींनी निदान तीन तालमी साडीतच कराव्यात, निऱ्या पिनेनं पक्क्या करून. मिशी स्पिरिट गमनं, म्हणजे रंगभूषेच्या डिंकानं, लावतात. आधी वरचा ओठ कोरडा पुसा, घामावर ती धरत नाही. विंगेत एकच मूल वस्तूंची यादी घेऊन उभं करा, त्याला भूमिका देऊ नका. पडदा पडल्यावर कपबशा त्यानंच मोजून घ्यायच्या, कारण त्या कुणाच्या तरी घरच्या असतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला लागतात.