ट्रिक्सीची नोंदवही: तीन मशीन, तीन तऱ्हा

१६ ऑगस्ट २०२५, दहीहंडी

डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमची १३वी आवृत्ती, म्हणजे ‘ट्रिक्सी’, येऊन आज बरोबर आठवडा झाला. नवीन आवृत्तीवर पहिल्याच दिवशी उडी मारायची नाही हा माझा नियम आहे आणि तो मी दर वेळी मोडतो. यंदा पाळला, कारण घरी पाहुणे होते.

घरात तीन मशीन आहेत. रोजचा लॅपटॉप, माळ्याच्या जिन्याखाली गुरगुरणारा सर्व्हर (म्हणजे ४ जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप, सर्व्हर आपला म्हणायचं) आणि २००९ सालचं एक नेटबुक. सुरुवात लॅपटॉपपासून, कारण त्याचा बॅकअप ताजा होता.

पद्धत तीच जुनी. सोर्सेसच्या यादीत (पॅकेजेस, म्हणजे प्रोग्रॅमचे गठ्ठे, कुठून घ्यायचे ती) ‘बुकवर्म’ या आधीच्या आवृत्तीच्या जागी ‘ट्रिक्सी’ लिहायचं, आधी नवीन पॅकेजेस न घेता साधं अपग्रेड, मग फुल-अपग्रेड. दोन टप्पे कंटाळवाणे वाटतात, पण पहिला टप्पा गाळून मी २०१९मध्ये एकदा हात पोळून घेतले आहेत.

सगळ्यात आधी नजरेत भरलं ते एपीटी ३.०, म्हणजे पॅकेजेस बसवणारं-काढणारं साधन. पूर्वी पॅकेजेसच्या नावांचा ढीग एका परिच्छेदात अंगावर यायचा. आता नावं रकान्यांत लागतात, येणारी हिरवी, जाणारी लाल, आणि लाल यादी सगळ्यात खाली, म्हणजे ‘होय’ दाबायच्या अगदी आधी डोळ्यांसमोर. ज्यांनी कधीतरी न वाचता ‘होय’ दाबून अख्खा डेस्कटॉप उडवला आहे त्यांना याची किंमत कळेल. मी त्यातलाच.

अपग्रेडला तासाभराहून थोडा जास्त वेळ लागला. रीबूट केलं, ६.१२ कर्नल (सिस्टीमचा गाभा) आलं, ग्नोम ४८ डेस्कटॉप उघडला, वाय-फाय चालू. लिहिण्यासारखं काही घडलंच नाही.

१७ ऑगस्ट

ग्नोम ४८चं टोपणनाव ‘बंगळुरू’ आहे, डिसेंबर २०२४मध्ये तिथे झालेल्या ग्नोम आशिया मेळाव्याच्या आयोजकांच्या मानार्थ. शेजारच्या राज्यातलं गाव म्हणून उगाच बरं वाटलं.

कामाची गोष्ट एकच, पण मोठी: बॅटरी ८० टक्क्यांच्या आसपास थांबवायची सोय आता सरळ सेटिंग्जमध्ये आली आहे. हार्डवेअरची साथ लागते, माझ्या लॅपटॉपला आहे. आतापर्यंत यासाठी मी स्वतः लिहिलेली एक सिस्टीमडी सर्व्हिस (मागे चालणारं छोटं काम) पोसत होतो, ती आज काढून टाकली. सूचनांचे गठ्ठे होणं, किती वेळ स्क्रीनसमोर बसलात ते सांगणारा आलेख वगैरे आहे. आलेख बंद केला. घरात ते काम करणारी माणसं आहेत.

देवनागरीचं मात्र बघावं लागलं. नवा मूळ फाँट ‘अद्वैता सॅन्स’ हा ‘इंटर’वर बेतलेला, त्यात देवनागरी नाही. म्हणजे मराठी अक्षरं दुसऱ्या फाँटमधून उसनी येतात आणि एकाच ओळीत इंग्रजी शब्द उंच, मराठी बुटका अशी विजोड जोडी दिसते. फाँटचा क्रम ठरवणाऱ्या फाँटकॉन्फिगमध्ये नोटो सॅन्स देवनागरीला पुढे केल्यावर बरंच सुधारलं. टर्मिनलमध्ये जोडाक्षरांचे अजून तुकडे पडतात. ‘क्षेत्रफळ’ नावाचा फोल्डर ओळखू येतो, वाचता येत नाही.

२४ ऑगस्ट

गणपतीआधी सर्व्हर उरकायचा म्हणून बसलो. इथे मात्र गंमत आली.

पहिली अडचण /बूट, म्हणजे कर्नल जिथे राहतं तो डिस्कचा विभाग. हा सर्व्हर मी कितीतरी आवृत्त्यांपूर्वी बसवला आणि तेव्हापासून नुसता वर चढवत आणला. त्या काळी इन्स्टॉलरने /बूटला जेमतेम २५० एमबी दिले होते. ट्रिक्सीच्या सूचना सांगतात की विभाग किमान ७६८ एमबीचा असावा आणि त्यात ३०० एमबी मोकळे असावेत. वन रूम किचनमध्ये लग्नाचं वऱ्हाड उतरवायचं म्हणा ना. जुनी कर्नल काढली, इनिटरॅमएफएसच्या (बूट होताना आधी चढणाऱ्या फाइलीच्या) सेटिंगमध्ये ‘मोस्ट’च्या जागी ‘डेप’ केलं, म्हणजे जगातल्या सगळ्या ड्रायव्हरांऐवजी याच मशीनला लागणारे तेवढेच भरले जातात. फाइल अर्ध्याहून लहान झाली आणि बसली. डिस्क उचलून दुसऱ्या मशीनला लावली तर बूट होईलच असं नाही, एवढं लक्षात ठेवायचं. टेपवर लिहून कॅबिनेटला चिकटवलं आहे.

दुसरी अडचण: फुल-अपग्रेड ऐन मध्यावर असताना लाईट गेली. इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी झाली आहे, तिने चार मिनिटं तग धरला आणि जिन्याखालची गुरगुर थांबली. लाईट पाऊण तासाने आली. मशीन सुरू झालं (जुन्या कर्नलवर, देव पावला) आणि एपीटीने सांगितलं की डीपीकेजीचं (एपीटीच्या पोटातलं, पॅकेज प्रत्यक्ष बसवणारं साधन) काम अर्धवट राहिलंय, आधी ते पुरं करा. ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, मग ‘एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’, मग पुन्हा फुल-अपग्रेड. एकही पॅकेज हरवलं नाही. इतकी वर्षं डेबियन का वापरतो असं कोणी विचारलं की मला हे तीन कमांड आठवतात.

तिसरी अडचण माझीच. रीबूटनंतर सर्व्हर नेटवर्कवर दिसेना. मॉनिटर ओढत जिन्याखाली नेला, ओणवं होऊन पाहिलं तर नेटवर्क कार्डाचं नाव बदललेलं: ‘ईएनपी१एस०’चं झालं होतं ‘ईएनएस१’. माझ्या इंटरफेसेस फाइलमध्ये जुनं नाव. असं होऊ शकतं हे रिलीज नोट्समध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे, मी तो भाग ‘आपल्याला काय होतंय’ म्हणून ओलांडला होता. कर्नलच्या सेटिंग्जच्या सिसीटीएल.कॉन्फ फाइलचंही तेच: सिस्टीमडी ती आता वाचत नाही, सेटिंग्ज सिसीटीएल.डी फोल्डरमध्ये हलवाव्या लागतात. माझ्या त्या फाइलमध्ये सहा ओळी होत्या, त्यातल्या चार कशासाठी लिहिल्या होत्या ते मलाच सांगता येईना. दोनच हलवल्या.

शेवटी ‘एपीटी मॉडर्नाइझ-सोर्सेस’ चालवलं. एका लांबलचक ओळीतली जुनी यादी नव्या पद्धतीत येते: प्रकार, पत्ता, आवृत्ती, विभाग, सहीची किल्ली, प्रत्येकाची वेगळी ओळ. वाचायला सोपी. जुनी फाइल बाजूला ठेवूनही देते.

१४ सप्टेंबर

एक कॅसेट गेली. म्हणजे कॅसेट आहे, रेकॉर्डिंग गेलं.

घरातल्या जुन्या कीर्तनाच्या कॅसेट मी सर्व्हरवर डिजिटल करतो. नव्वद मिनिटांची कॅसेट, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ: साधारण ९५० एमबी. माझी स्क्रिप्ट ही कच्ची फाइल /टीएमपी या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये ठेवते आणि रात्री आकसून जागेवर नेते. ट्रिक्सीत /टीएमपी आता डिस्कवर नसतं, रॅममध्ये असतं, आणि ते फार तर निम्मी रॅम खातं. माझ्याकडे ४ जीबी, म्हणजे हाती २. दोन कॅसेट मावल्या, तिसरी मध्येच ‘जागा नाही’ म्हणून थांबली. मी काय केलं? काहीतरी अडकलं असेल म्हणून रीबूट केलं. रॅममधलंच ते, तिन्ही साफ.

दोन कॅसेट परत वाजवल्या. एकीची टेप मात्र पुन्हा वाजवताना डेकने गिळली. रीफिल आणि पेन्सिलने गुंडाळून काढली, ती सध्या वहीत दाबून ठेवली आहे.

बदल चुकीचा नाही. बहुतेकांच्या /टीएमपीत क्षणभराच्या फाइली असतात, त्या रॅममध्ये वेगाने चालतात आणि एसएसडीची झीज वाचते. नको असेल तर ‘टीएमपी.माउंट’ हे युनिट मास्क (कायमचं बंद) करायचं, झालं. मी त्याऐवजी स्क्रिप्टमध्ये डिस्कवरचं /व्हार/टीएमपी लिहिलं. नव्याने ट्रिक्सी बसवणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की /टीएमपीत दहा दिवस आणि /व्हार/टीएमपीत तीस दिवस पडून राहिलेल्या फाइली आता आपोआप झाडल्या जातात.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

उरलं नेटबुक. ॲटम एन२७०, १ जीबी रॅम, निव्वळ ३२ बिट. याच्यासाठी ट्रिक्सी नाहीच. डेबियनने आय३८६साठी (म्हणजे ३२ बिट इंटेलसाठी) कर्नल आणि इन्स्टॉलर देणं बंद केलं. पॅकेजेस उरली आहेत ती ६४ बिट मशीनवर जुने प्रोग्रॅम चालवण्यापुरती. दुसरीकडे याच आवृत्तीत रिस्क-व्ही ६४ हा वेगळा प्रोसेसर प्रकार पहिल्यांदाच अधिकृत झाला. एक पाहुणा गेला, एक आला.

आय३८६ला आणखी एका गोष्टीतून वगळलंय, आणि मला ती जास्त टोचली. ३२ बिटांत १९७०पासूनचे सेकंद मोजणारं घड्याळ २,१४७,४८३,६४७वर संपतं. तो क्षण १९ जानेवारी २०३८, आपल्याकडे सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. ट्रिक्सीत बाकी सगळ्या ३२ बिट आर्किटेक्चरांवर (प्रोसेसर प्रकारांवर) वेळ ६४ बिटांत नेली, त्यासाठी हजारो पॅकेजेस नव्याने बांधावी लागली. आय३८६ तेवढं जुन्या बायनरी (तयार प्रोग्रॅम) चालत राहाव्यात म्हणून तसंच सोडलं. कारण पटतं. तरी सोळा वर्षं साथ दिलेल्या मशीनच्या कपाळावर मृत्यूची तारीख लिहिलेली पाहून कसंतरी झालं.

७ डिसेंबर

नेटबुकवर नेटबीएसडी १०.१ (लिनक्ससारखीच, पण वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलं. तिच्याच भावंडाचा, फ्रीबीएसडीचा, विचार होता, पण याच आठवड्यात आलेल्या १५.० पासून त्यांनीही ३२ बिट इंटेल सोडलं. नेटबीएसडी मात्र आय३८६ आजही मनापासून सांभाळतं, आणि मुख्य म्हणजे २०१२च्या ६.० पासूनच त्याची वेळ ३२ बिट मशीनवरही ६४ बिटांत मोजली जाते.

इन्स्टॉलर निळ्या पाटीवरचा, अक्षरी, अगदी सरळ. पॅकेजेससाठी पीकेजीइन टाकलं, विम (एडिटर) आणि टीमक्स (एका टर्मिनलचे अनेक करणारं) घेतले. ब्राउझरच्या वाटेला गेलो नाही, १ जीबीत आजचं वेब म्हणजे मशीनचा छळ. वाय-फाय जमलं नाही, केबल लावली.

मग जे करायचं मनात होतं ते केलं. टाइमझोन कोलकात्याचा लावला, रूट (सर्वाधिकारी) झालो आणि तारीख दिली: २०३८, १९ जानेवारी, ८ वाजून ४३ मिनिटं ५० सेकंद. दर सेकंदाला ‘डेट’ छापणारी एक ओळीची लूप सुरू केली. मुलगा मागे येऊन उभा राहिला. ०५, ०६, ०७... ०८. मग ०९.

“मग काय झालं?” त्याने विचारलं.

“काही नाही.”

तो गेला. मी मिनिटभर आकडे बघत बसलो, मग एक रिकामी फाइल बनवली आणि तारीख परत आजची केली. एलएस कमांडने दाखवलेल्या फाइलींच्या यादीत तिच्यापुढे अजून १९ जानेवारी २०३८ दिसतं. तिला हात लावलेला नाही.