‘किती फूट?’ हा प्रश्न डोंगरातही विचारूया

पावसाने जोर धरला की कोल्हापुरात सकाळी भेटणारा प्रत्येक माणूस आधी ‘किती फूट?’ असे विचारतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांच्या पुढे गेले, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, चिखली आणि आंबेवाडीला पाण्याने वेढले, आणि त्यानंतर नदीकाठच्या घरांनी जी शिस्त अंगी बाणवली तिचा मला मनापासून आदर वाटतो. रेशन कार्ड आणि सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचे, वर्दी येण्याआधीच जनावरे उंचावर हलवायची, म्हाताऱ्या माणसांना पाहुण्यांकडे पोहोचवायचे आणि राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले याकडे कान लावून बसायचे, हे सारे त्या घरांत कोणी न सांगता होते.

हीच शिस्त आपण रविवारी राऊतवाडीच्या धबधब्यावर, बर्कीला किंवा गगनबावड्याच्या घाटात जाताना घरी ठेवून का जातो, हा प्रश्न मला दर पावसाळ्यात अस्वस्थ करतो. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या ज्या डोंगरांतून पाणी घेऊन येतात आणि प्रयाग चिखलीला पंचगंगा होतात, त्याच डोंगरांत आपण भिजायला जातो. शहरात पाणी चढायला वेळ लागतो. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडले, तरी ते पाणी शहरात पोहोचेपर्यंत काही तास हाताशी असतात. डोंगरातला ओढा मात्र काही मिनिटांत फुगतो, आणि अनेकदा तेव्हा आपल्या डोक्यावर पाऊससुद्धा नसतो, कारण तो वरच्या पठारावर कोसळत असतो. 2024 च्या जूनअखेर लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसे प्रवाहाच्या मधोमध अडकून वाहून गेली, ती अशाच अचानक वाढलेल्या पाण्यात.

ओढा बोलतो, पण त्याचे ऐकायला थोडे शांत बसावे लागते. स्वच्छ पाणी एकाएकी तांबूस आणि गढूळ झाले, त्यातून पालापाचोळा आणि काटक्या वाहत येऊ लागल्या, मघाशी कोरडा असलेला दगड बुडाला किंवा पाण्याचा आवाज जड झाला, तर त्याच क्षणी चपला आणि पिशव्या गोळा करण्याच्या नादी न लागता काठाच्या वर चढावे. परतीची वाट पलीकडे असेल तरी पाणी उतरेपर्यंत अलीकडेच थांबावे. तासाभराचा उशीर कोणत्याही घराला परवडतो.

याहून मोठी काळजी मला पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांची वाटते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्याआधी काढलेले असतात, तरीही पूर आला की पाणी त्याच्या माथ्यावरून वाहू लागते. हा माथा अरुंद असतो, बऱ्याच ठिकाणी कठडा नसतो, आणि वीतभर गढूळ पाणी चढले की त्याची कड कुठे संपते ते दिसतच नाही. दुचाकीचे चाक त्या कडेवरून खाली उतरायला एक खड्डा किंवा शेवाळाचा एक पट्टा पुरतो. वेगाचे पाणी गुडघ्यापर्यंत आले तरी धडधाकट माणूस पडतो, तेव्हा ‘रोजचीच वाट आहे’ म्हणून गाडी घालणाऱ्याला अडवणे हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाचे काम आहे, मग तो माणूस रागावला तरी चालेल.

पन्हाळगड ते पावनखिंड ही जुलैतली पदभ्रमंती आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याची आहे, आणि ती चालूच राहावी. मात्र मसाई पठारावर धुके उतरले की दहा पावलांपुढचा माणूस दिसत नाही, म्हणून सर्वांत पुढे आणि सर्वांत मागे वाट जाणणारा माणूस असावा, शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात असावी आणि वाडी आली की माणसे मोजावीत. निघण्याआधी हवामान खात्याचा अंदाज पाहताना घाटमाथ्यासाठीचा इशारा वेगळा वाचावा, कारण शहरात भुरभुर असते त्याच दिवशी घाटात अतिवृष्टी होत असते. विजा कडाडू लागल्या तर पठारावरून खाली उतरावे आणि एकट्या झाडाचा आडोसा टाळावा.

सर्पदंशाविषयी अजूनही जुन्या समजुती टिकून आहेत. चावलेली जागा कापू नये, चोखू नये, वर दोरी करकचून आवळू नये. अंगठ्या आणि कडी काढावीत, तो हात किंवा पाय फळीला बांधावा तसा स्थिर ठेवावा, रोग्याला चालू देऊ नये आणि प्रतिविष मिळेल अशा सरकारी रुग्णालयात थेट न्यावे. साप मारून सोबत नेण्यात वेळ तर जातोच, शिवाय दुसऱ्या दंशाचा धोका वाढतो.

रुग्णवाहिकेसाठी 108, पोलीस आणि इतर तातडीच्या मदतीसाठी 112 आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी 1077 हे क्रमांक मोबाइलमध्ये तर असावेतच, पण कागदावर लिहून प्लास्टिकमध्येही ठेवावेत, कारण भिजलेला फोन ऐन वेळी बंद पडतो. खोऱ्यात उतरल्यावर रेंजही जाते. म्हणून घरातून निघताना कुठल्या वाटेने जाणार, सोबत कोण आहे आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करायचा, हे घरच्या एका माणसाला स्पष्ट सांगावे, आणि ठरलेली वाट बदलली तर रेंज असलेल्या शेवटच्या गावातून तेही कळवावे.