ब्लॉगवर एका रात्रीत हजारो भेटी: बॉट कोणते, वाचक कोणते?

रोज शंभर-दीडशे व्ह्यूज असणाऱ्या मराठी ब्लॉगच्या आलेखात एके दिवशी चार हजारांचा सुळका दिसतो. देशांच्या यादीत भारत खाली सरकलेला असतो आणि वर सिंगापूर, चीन, हाँगकाँग किंवा ब्राझील. नवी प्रतिक्रिया एकही नाही, कुठे शेअर झाल्याची खूण नाही. हे बॉट, म्हणजे माणसाऐवजी पानं उघडणारे प्रोग्रॅम आहेत, एवढं कुणालाही कळतं. अवघड काम पुढचं: त्या चार हजारांत त्या दिवशीचे खरे एकशेवीस वाचक कोणते?

बहुतेक जण हा प्रश्न ओलांडून थेट ‘ब्लॉक कसं करू’ याकडे धावतात. आधी वेगळं करायला शिकावं आणि अडवायचं नंतर बघावं, असं माझं ठाम मत आहे. अडवण्याचे बरेच उपाय ब्लॉगर या गूगलच्या सेवेवरच्या ब्लॉगला लागूच होत नाहीत. आणि ओळख न पटवता सरसकट अडवलं तर नांदेड-कोल्हापुरात मोबाईलवर वाचणारा माणूसच आधी बाहेर पडतो.

कोणता मोजणारा काय मोजतो, इथून सुरुवात करू. ब्लॉगरच्या स्वतःच्या स्टॅट्सची गाळणी ढिली आहे. तिथला आकडा जवळपास नेहमीच भेटी मोजणाऱ्या गूगल अ‍ॅनालिटिक्सपेक्षा जास्त येतो, आणि बॉटची लाट आली की हा फरक कितीतरी पट होतो. ‘माझी स्वतःची भेट मोजू नका’ हा पर्याय फक्त तुमच्या त्या ब्राउझरपुरता असतो, बॉटशी त्याचा संबंध नाही. तेव्हा ब्लॉगर वापरत असाल तर सेटिंग्जमध्ये अ‍ॅनालिटिक्सचा मेजरमेंट आयडी (तुमच्या ब्लॉगचा ओळख क्रमांक) टाकायची जागा आहे, तो आजच टाका. लाट येऊन गेल्यावर जोडलेलं अ‍ॅनालिटिक्स मागचं काहीच सांगू शकत नाही.

अ‍ॅनालिटिक्स जावास्क्रिप्ट चालल्यावर मोजतं. साधे बॉट नुसतं एचटीएमएल उचलून निघून जायचे, त्यामुळे ते मोजणीत यायचेच नाहीत. आता बॉट बिनपडद्याचा म्हणजे हेडलेस क्रोम चालवतात, स्क्रिप्टही चालते आणि भेट नोंदली जाते. अ‍ॅनालिटिक्स ‘ओळखीचे’ बॉट आपोआप वगळतं, त्यासाठी गूगलचं स्वतःचं संशोधन आणि आयएबी या जाहिरात-उद्योगाच्या संस्थेची आंतरराष्ट्रीय यादी वापरतं. हे बंद करता येत नाही आणि किती वगळले तेही दिसत नाही. पण ओळखीचे म्हणजे स्वतःचं नाव खरं सांगणारे. आलेखात सुळका उभा करणारे असतात ते खोटं नाव सांगणारे. २०२५च्या उत्तरार्धात जगभरच्या छोट्या साइट्सच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये चीनमधलं लानचौ हे शहर आणि सिंगापूर अचानक वर आले, ते याच प्रकारातले.

आपल्याला हे ओळखता आलं नाही म्हणून कुणी कमीपणा वाटून घेऊ नये. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनलाही २०२५च्या मे महिन्याच्या सुमारास माणसांच्या भेटी अनपेक्षित वाढलेल्या दिसल्या, त्यातल्या बऱ्याच ब्राझीलमधून. तपास केल्यावर ते हुबेहूब माणसासारखे वागणारे बॉट निघाले. मग बॉट ओळखण्याची पद्धत बदलून मार्च ते ऑगस्टचे आकडे पुन्हा काढले, तेव्हा माणसांची वाचनं आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांपेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी घटलेली दिसली. वाढ वाटत होती तिथे घट होती. छोट्या ब्लॉगवर नेमकं हेच होतं. एकूण व्ह्यूज फुगलेले असताना खरे वाचक हळूहळू गळत असतात आणि ते महिनोन्‌महिने ध्यानात येत नाही.

आता वेगळं करण्याकडे येऊ. पहिली गल्लत ‘डायरेक्ट’ या स्रोताची होते, म्हणजे वाचक कुठून आला हे कळलेलं नसतं तेव्हा. सुळक्यातलं ट्रॅफिक डायरेक्ट दिसलं की लोक ते बॉट ठरवून मोकळे होतात. पण मराठीत लेख पसरतात ते व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवरून, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला वाचकही बहुधा डायरेक्टच दिसतो, कारण अ‍ॅप मागचा पत्ता पुढे पाठवत नाही. तेव्हा स्रोतावरून निकाल लावू नका, आकार बघा. फॉरवर्ड झालेल्या लेखाचा सुळका एकाच पोस्टवर असतो. त्यात मोबाईल भरपूर, पुणे-मुंबई-नाशिक अशी शहरं, आणि एक-दोन दिवसांत हळूहळू उतार. बॉटचा सुळका डेस्कटॉपवर असतो. तो एकतर फक्त मुख्य पानावर आदळतो, नाहीतर २०१२ सालच्या पोस्टपासून लेबलच्या पानांपर्यंत सगळीकडे एकेक भेट सांडतो, आणि सुरू झाला तसाच एका क्षणी तुटतो.

दुसरी खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते, ती म्हणजे दिवसाचे तास. माणसं झोपतात. भारतातल्या वाचकांचा आलेख रात्री दोन ते पाचच्या दरम्यान तळाला जातो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे मराठी वाचक रात्री जेवणं उरकून वाचायला बसतात, तेव्हा आपल्याकडे पहाट असते. उन्हाळ्यात तिथले रात्रीचे आठ म्हणजे इथले पहाटेचे साडेपाच. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. प्रत्येक देशाचा असा चढ-उतार असतो. बॉटचा आलेख मात्र चोवीस तास सपाट असतो, किंवा एका तासात हजार आणि पुढच्या तासात शून्य. हे बघण्याआधी अ‍ॅनालिटिक्समधला टाइम झोन भारताचा आहे ना ते तपासा. अमेरिकेतला राहिला असेल तर सगळे तास सरकलेले दिसतील आणि निष्कर्ष उलटा निघेल.

प्रत्यक्ष काम अ‍ॅनालिटिक्सच्या ‘एक्सप्लोर’ विभागात करायचं. आधीच्या दोन आठवड्यांपासून सुळक्यानंतरच्या आठवड्यापर्यंतच्या तारखा घ्या. डायमेन्शन (भेटींची वर्गवारी) म्हणून देश, शहर, डिव्हाइसचा प्रकार, ऑपरेटिंग सिस्टम आवृत्तीसकट, स्क्रीन रिझोल्युशन, सेशनचा (एका सलग भेटीचा) स्रोत, लँडिंग पेज (भेटीतलं पहिलं पान), होस्टनेम (भेट ज्या साइटच्या पत्त्यावर नोंदली गेली तो) आणि तास जोडा. मोजमापात सेशन्स, एंगेज्ड सेशन्स आणि प्रत्येक सेशनमागचा सरासरी एंगेजमेंट वेळ. दहा सेकंदांहून जास्त टिकलेलं, किंवा दोन पानं बघितलेलं, किंवा ‘की इव्हेंट’ (तुम्ही महत्त्वाची ठरवलेली कृती) घडलेलं सेशन म्हणजे एंगेज्ड. ओळींमध्ये आधी देश टाका. ज्या देशात सेशन्स हजारांत आणि एंगेज्ड दोन-चार, तो धरा. मग त्या देशापुरतं स्क्रीन रिझोल्युशन उघडा. खऱ्या वाचकांच्या गर्दीत ३६०×८००, ३९३×८७३, ४१२×९१५ अशी फोनांची माप आणि लॅपटॉपची पाच-सहा माप विखुरलेली दिसतात. बॉटच्या गर्दीत हजार भेटींना एकच माप असतं. ते ८००×६०० असेल तर विचारायलाच नको, हेडलेस क्रोमच्या खिडकीचं ते मूळचं माप आहे.

होस्टनेम का जोडायचं? काही ‘भेटी’ ब्लॉगवर येतच नाहीत, तुमचा आयडी वापरून थेट अ‍ॅनालिटिक्सकडे खोटी नोंद पाठवली जाते. तिथे होस्टनेम रिकामं किंवा भलतंच दिसतं. फक्त ‘ट्रान्सलेट डॉट गूग’ने संपणारं होस्टनेम दिसलं तर त्याला हात लावू नका. तो गूगल ट्रान्सलेटमधून तुमचं मराठी वाचणारा माणूस असू शकतो.

खुणा हाती आल्या की सेशन सेगमेंट (अटी लावून गाळलेला भेटींचा गट) बनवा आणि त्यात वगळण्याचा गट टाका: देश सिंगापूर *आणि* डेस्कटॉप *आणि* डायरेक्ट *आणि* ते ठरावीक रिझोल्युशन. सगळ्या अटी ‘आणि’ने जोडायच्या. नुसता देश वगळू नका. सिंगापुरात मराठी माणसं राहतात, तिथे महाराष्ट्र मंडळ आहे, आणि परदेशातला वाचक हा मराठी ब्लॉगचा फार निष्ठेने वाचणारा वाचक असतो. दोन हजार बॉट घालवताना असे सहा वाचक गमावणं मला मान्य नाही.

इथे दोन मर्यादा सांगितल्या पाहिजेत. अ‍ॅनालिटिक्स ४च्या अ‍ॅडमिनमधले डेटा फिल्टर अंतर्गत (तुमच्या स्वतःच्या) आणि डेव्हलपर (चाचणीच्या) ट्रॅफिकसाठी आहेत, देशासाठी नाहीत, आणि फिल्टरने गेलेली नोंद परत येत नाही. सेगमेंट मात्र मागच्या तारखांनाही लागतो आणि मूळ नोंद शाबूत ठेवतो. पण एक्सप्लोरमध्ये किती मागचं दिसेल हे डेटा रिटेन्शनवर, म्हणजे नोंदी जपण्याच्या मुदतीवर, ठरतं. तो मुळात दोन महिने असतो, अ‍ॅडमिनमध्ये जाऊन चौदा महिने करता येतो. ज्यांनी अजून केला नसेल त्यांनी हे वाचताना करून टाकावं.

स्वतःच्या होस्टिंगवर वर्डप्रेस चालवणाऱ्यांकडे याहून चांगला पुरावा असतो, तो म्हणजे सर्व्हरचा अ‍ॅक्सेस लॉग. त्यात प्रत्येक मागणीची एक ओळ असते. माणूस एक पान उघडतो तेव्हा लॉगमध्ये वीस-तीस ओळी पडतात: पान, मग सीएसएस, मग चित्रं, आणि देवनागरी वेबफाँट तुमच्याच सर्व्हरवर असेल तर त्याची फाइल. साधा बॉट आला की पानाची एकच ओळ, पुढे काही नाही. आयपी पत्त्याचा रकाना वेगळा काढून, क्रम लावून, सारखे पत्ते मोजले की पहिल्या वीस ओळींतच बराच उलगडा होतो. मात्र हल्ली बॉट घराघरांतल्या ब्रॉडबँडचे पत्ते भाड्याने वापरतात आणि एका पत्त्यावरून दोनच पानं मागतात, तेव्हा ही मोजणी रिकामी जाते. मग यूजर एजंट, म्हणजे ब्राउझर स्वतःची ओळख सांगतो ती ओळ, वाचा. विंडोज ७वर क्रोम १२४ अशी जोडी दिसली तर ती खोटी धरा, कारण क्रोमची १०९ ही विंडोज ७वर चालणारी शेवटची आवृत्ती होती. याउलट सगळीकडे विंडोज १० दिसतं म्हणून शंका घेऊ नका, क्रोम विंडोज ११वरही स्वतःला १० असंच सांगतो.

‘गूगलबॉट’ (सर्चसाठी पानं वाचणारा गूगलचा बॉट) असं नाव सांगणारा प्रत्येक जण गूगलचा नसतो. त्याच्या आयपीचं उलटं डीएनएस (आयपीवरून नाव) काढा. उत्तर गूगलबॉट डॉट कॉम किंवा गूगल डॉट कॉमने संपायला हवं, आणि त्या नावाचं सरळ डीएनएस (नावावरून आयपी) काढल्यावर तोच आयपी परत मिळायला हवा. ही तपासणी न करता घाईने ब्लॉक केलेला गूगलबॉट खरा निघाला तर काही आठवड्यांत पानं सर्चमधून गळू लागतात.

अडवण्याविषयी थोडक्यात. रोबोट्स फाइल (कोणत्या बॉटने काय वाचू नये हे सांगणारी) ही विनंती आहे. ओपनएआयचा जीपीटीबॉट, कॉमन क्रॉलचा सीसीबॉट यांच्यासारखे नाव सांगणारे क्रॉलर ती पाळतात असं त्यांचे मालक सांगतात, तेव्हा ती जरूर लिहा, ब्लॉगरमध्येही तशी सोय आहे. पण सुळका उभा करणारे ती वाचतही नाहीत. स्वतःचं डोमेन आणि होस्टिंग असेल तर क्लाउडफ्लेअर या, साइटपुढे राहून भेटी गाळणाऱ्या सेवेच्या फुकट योजनेत पाच कस्टम नियम मिळतात. तिथेही वरच्यासारख्या जोडून अटी घाला आणि कृती ‘ब्लॉक’ऐवजी ‘मॅनेज्ड चॅलेंज’ (माणूसच आहे ना याची पडताळणी) ठेवा, म्हणजे चुकून सापडलेला माणूस पुढे जाऊ शकतो. ब्लॉगरच्या डोमेनपुढे क्लाउडफ्लेअरची प्रॉक्सी लावली तर सुरक्षा प्रमाणपत्राचं नूतनीकरण अडकू शकतं, त्या वाटेला न गेलेलं बरं. आणि आयपीवरून वेगमर्यादा लावताना हात सैल ठेवा. आपल्याकडच्या मोबाईल कंपन्या एकाच आयपीव्ही४ पत्त्यामागे असंख्य ग्राहक ठेवतात, त्यामुळे मिनिटाला दहा पानांची मर्यादा म्हणजे फॉरवर्ड झालेल्या लेखाच्या ऐन गर्दीत वाचकांनाच दार बंद.

काही जण स्क्रोल किंवा स्पर्श झाल्यावरच अ‍ॅनालिटिक्स सुरू करतात. आकडे खूप स्वच्छ होतात हे खरं. पण पान उघडून लगेच परतणारा वाचक दिसेनासा होतो आणि त्या तारखेच्या आधीच्या-नंतरच्या आकड्यांची तुलना संपते. करायचंच असेल तर नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून करा आणि तारीख नोंदवून ठेवा. २०२५पासून अ‍ॅनालिटिक्सच्या आलेखावर अ‍ॅनोटेशन (तारखेपाशी टीप) लिहिता येतं. लाटेची सुरुवात, शेवट आणि तिच्या खुणा तिथेच लिहाव्यात. सहा महिन्यांनी यातलं काही आठवत नाही.

एकूण व्ह्यूज हा आकडा मी तुलनेसाठी अजिबात वापरत नाही. गाळलेले एंगेज्ड सेशन्स आणि गूगल सर्चची आकडेवारी दाखवणाऱ्या सर्च कन्सोलमधले क्लिक, हे दोन महिन्यामहिन्याला पुरतात. क्लिक म्हणतोय, इम्प्रेशन (निकालांत नुसतं दिसणं) नाही. सप्टेंबर २०२५मध्ये गूगलने एका पानावर शंभर निकाल मागवण्याची सोय काढली आणि अनेक साइट्सचे इम्प्रेशन धाडकन खाली आले. ते निकाल मागवणारी बरीचशी रँक तपासणारी यंत्रं होती.

ब्लॉगरवर ‘लोकप्रिय पोस्ट’ गॅजेट लावलेलं असेल तर ते निवडाल त्या कालावधीच्या, उदाहरणार्थ गेल्या सात किंवा तीस दिवसांच्या, व्ह्यूजवर चालतं. लाटेनंतर तिथे बॉटने झोडपलेली जुनी, मोडक्या दुव्यांची पोस्ट वर येते आणि नवा वाचक तीच उघडतो. काही आठवडे ते ‘सर्व काळ’वर ठेवा, किंवा काढून हाताने निवडलेल्या पाच पोस्टची यादी लावा.

अ‍ॅडसेन्स (गूगलची जाहिरात सेवा) असेल तर लाटेच्या दिवसाचं उत्पन्न वाढलेलं बघून ते गृहीत धरू नका. अवैध ट्रॅफिकची रक्कम महिनाअखेरच्या हिशोबात कापली जाते आणि कधी जाहिराती दाखवण्यावर काही आठवडे मर्यादाही येते. ट्रॅफिक तुम्ही आणलेलं नसलं तरी साइटवर काय येतं याची जबाबदारी प्रकाशकावरच आहे, असं त्यांचं धोरण म्हणतं. त्यामुळे अवैध क्लिक कळवण्याचा त्यांचा फॉर्म लाट दिसल्याच्या दिवशीच भरा: तारीख, तास, देश, रिझोल्युशन, आणि लॉग असेल तर संशयित आयपींची यादी.