पाते, बोंड आणि मधलं काहीतरी

भादव्यातल्या दुपारी जालना-परभणीकडच्या रस्त्यानं निघालं, की एकाच पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या झाडावर, एक फूल दुधी आणि दुसरं गुलाबी दिसतं. पाहुणा हमखास विचारतो, दोन जाती लावल्यात का? जात एकच. दुधी आजच सकाळी उमललेलं, गुलाबी कालचं. ते लाल होत सुकणार.

शाळेत फुलाचे भाग शिकवायला जास्वंद लागते. तिच्याच कुळातली ही फुलं बांधापलीकडं एकरानं उभी असतात, पण देवाला नाही चालत, केसात नाही माळत. शेतकऱ्याच्या हिशेबातही पाते, म्हणजे कळी, असतं, बोंड, म्हणजे फळ, असतं. मधलं फूल गाळलेलं.

सोलून बघावं. बाहेर दातेरी कडांची तीन हिरवी पानं. त्यांच्यामुळंच पाते तिकोनी. आत बुटक्या वाटीसारखा निदलपुंज, शोधल्याशिवाय न दिसणारा. मग एकमेकींवर चढलेल्या पाच पाकळ्या. मधोमध नळी, तिच्यावर पुंकेसरांची दाटी, शेंड्यातून डोकावणारी कुक्षी. तळाशी अंडाशय, त्यात तीन ते पाच कप्पे. पुढं बोंड उकलतं ते तेवढ्याच फाकांनी.

हे सगळं पाठ असतं ते बियाण्याच्या प्लॉटमध्ये क्रॉसिंग, म्हणजे हातानं संकर, करणाऱ्या बायांना. उद्या उमलणारी कळी त्या आदल्या दुपारनंतर हेरतात: पाकळ्या वर आलेल्या, पण मिटलेल्या. अंगठ्याच्या नखानं तळाशी चीर द्यायची आणि पाकळ्यांसकट नळी अलगद उपसायची. नख खोल गेलं तर अंडाशय दुखावतो, कळी गळते. एखादा परागकोश मागं राहिला तर फूल आपलंच बी धरतं, संकर फसला. दुसऱ्या सकाळी नराच्या ओळीतलं फूल आणून कुक्षीवर सगळ्या बाजूंनी फिरवायचं; एक बाजू कोरडी राहिली तर बोंड वाकडं. एक नर फूल चार-पाच कळ्यांना पुरतं. मग खुणेचा दोरा. पाऊस आला की काम थांबवायचं, कारण ओले पराग फुटून जातात. या कामाला कुणी वनस्पतिशास्त्र म्हणत नाही. रोजंदारी म्हणतात.

उमलण्याच्याच सुमारास आत बीजांडाच्या सालीवरच्या पेशी लांबायला लागतात. तोच कापूस. एक तंतू म्हणजे एकच पेशी, सरकीला धरून वाढलेली.

वर सुकलेलं लाल फूल कोवळ्या बोंडाला टोपड्यासारखं चिकटून बसतं. झड लागली, की त्यात पाणी मुरतं आणि बोंड तिथूनच सडायला लागतं. वारा सुटला तर टोपडं पडतं. नाही तर एवढ्या रानात एकेक काढत कोण बसणार?